दगड नदीचा होता

खोटं सांगण्यात पांढुर्ण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे मी लाजून सांगत नाही. सकाळी चहाच्या टपरीवर मी एक वाघ सोडला, की संध्याकाळच्या बसने तो सौंसरहून माझ्याकडेच परत यायचा, आणि येताना त्याला दोन बछडे झालेले असायचे. सांगणारा शपथेवर सांगायचा की बछडे त्याने स्वतः पाहिले. मी मान डोलवायचो. आपल्या वाघाला कोणी नावं ठेवत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नोकरी सौंसरच्या शाळेत, घर पांढुर्ण्यात, आणि आयुष्याचा उरलेला भाग बसमध्ये. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, त्यात स्मृतीवर एक धडा. बाकी सगळा पेपर मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो, पण तो धडा राहिला, कारण तो माझ्या धंद्याचा होता. दरवर्षी नववीच्या वर्गात मी त्याचा खेळ करायचो. शिकवता शिकवता आमचा शिपाई धाडकन आत यायचा, टेबलावरचा डस्टर उचलून पळून जायचा. मग मी पोरांना कागद काढायला लावायचो. पहिला प्रश्न, शिपायाच्या अंगात काय होतं. दुसरा प्रश्न, त्याच्या काखेतली छत्री कोणत्या रंगाची होती.

छत्री नव्हतीच. पण निम्मा वर्ग काळी लिहायचा, चार जण जांभळी लिहायचे, आणि एका वर्षी एका पोरीने लिहिलं की छत्रीची एक काडी मोडलेली होती. ती पोर रडली, पण मोडलेली काडी तिने सोडली नाही. मला दिसली सर, म्हणाली.

मी हसत हसत वर्गाला सांगायचो, आठवण ही पेटीत घडी करून ठेवलेली साडी नव्हे. ती दर वेळी नव्याने विणावी लागते, आणि विणताना जवळ जो धागा पडलेला असेल तो आत जातो. वाक्य माझंच होतं. फार आवडायचं मला.

आता गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. आम्ही झाड आणायला जायचं, त्यांनी जाऊ द्यायचं नाही, आणि दोन्हीकडून दगड. त्या दिवशी नदीत पाण्याहून दगड जास्त असतात, हे मी चाळीस वर्षं सांगत आलोय आणि कोणी हरकत घेतलेली नाही. डोकी फुटतात, हातपाय मोडतात. संध्याकाळी देवीचा अंगारा लावून दोन्ही काठांचे लोक एकमेकांच्या घरी विचारपूस करायला जातात, कारण अर्ध्या पांढुर्ण्याच्या लेकी सावरगावात आहेत आणि अर्ध्या सावरगावच्या आमच्याकडे.

पण एक गोष्ट कोणी विचारत नाही. दगड कोणाचा, हे. एखादं नवखं पोर विचारतं, मग म्हातारे त्याला एकच उत्तर देतात, दगड नदीचा होता. नदीतून आला, नदीत गेला. त्याला हात नसतो. तेव्हा मला हे अडाणीपणाचं वाटायचं. फिर्याद करायला माणसाला समोर एक चेहरा हवा, असं मी सुशिक्षित माणूस मनात म्हणायचो.

आणखी एक गोष्ट कोणाला माहीत नव्हती. गोटमारीला मी कधीच जात नसे. दगडाला मी जन्मापासून भितो. त्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने मी सौंसरला पळायचो, शाळेचं कुलूप उघडून रिकाम्या वर्गात बसायचो, शेवटच्या बसने यायचो आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर सगळ्यांत लांब गोटमार माझीच असायची. मी तीनदा झाडाला हात लावून आलेलो होतो. एकदा तर हवेतला दगड हवेत झेलून परत पाठवला होता.

त्या वर्षी दगड माझ्या मोठ्या साळ्याला लागला. बायकोचा थोरला भाऊ, संत्र्याच्या बगीच्याचा मालक, बैलासारखा माणूस. डावा डोळा गेला. नागपूरला नेलं, महिन्याने परत आला तो डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. डॉक्टरांनी उजेड टाळायला सांगितलं होतं, म्हणून त्याच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. दुपारी तीन वाजता तिथे गुहेसारखा अंधार. एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणे. तो चहा ओतायचा तो कपाच्या दोन बोटं अलीकडे पडायचा, आणि गरम चहा मांडीवर सांडला तरी तो ओरडायचा नाही. नुसता बसायचा. ते मला आवडत नव्हतं.

मी रोज शाळेतून आल्यावर त्याच्याकडे जायचो. साळा म्हणजे मित्रच होता माझा. त्याची करमणूक करायची म्हणून मी माझा सगळा वाघांचा कळप त्या खोलीत सोडला. तो हसला नाही. एका दिवशी मात्र त्याने विचारलं, "जवाई, तुमी तर झाडाजवळच होते ना. कोन मारला?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला दगडावर कोरून ठेवावंसं वाटतं. मी म्हणायला हवं होतं, मी सौंसरला होतो बापा. किंवा म्हाताऱ्यांचं वाक्य. पण अंधारात एक माणूस पहिल्यांदा काही मागत होता, आणि मी सांगणारा. मी म्हटलं, पाहिला की.

आणि उभा केला त्याला. सावरगावच्या काठाला, धोब्याच्या दगडावर. उंच, पांढऱ्या झुबकेदार मिशा, डोक्याला केशरी दुपट्टा. हा माणूस कुठून आला ते मला त्या वेळी कळलं नाही. सांगणाऱ्याला विचारू नये, माणसं येतात. साळा ऐकत राहिला. मग मी एक प्रश्न विचारला, नुसता रंग चढवायला. डाव्या हाताने मारला की उजव्या, तुम्हाला काय दिसलं?

त्याने अंधारात आधी आपला एक हात उचलून पाहिला, नंतर दुसरा. मग म्हणाला, डाव्या.

बाहेर पडलो तेव्हा लक्षात आलं. डावा हात मी दिलेला नव्हता. ती माझी छत्री होती, आणि तिची काडी त्याने मोडली होती.

त्यानंतर मी तो विषय काढला नाही, पण तो काढायचा. दिवाळीपर्यंत दगड लिंबाएवढा होता, संक्रांतीला संत्र्याएवढा झाला, आणि होळीला साळा मला सांगत होता की मारायच्या आधी तो माणूस आपल्याकडे पाहून हसला. सांगताना त्याचा उरलेला डोळा माझ्यावर नसायचा. तो त्या माणसावर असायचा. आश्चर्य म्हणजे तब्येत सुधारली. जेवायला लागला, बगीच्यात जायला लागला. शत्रूला चेहरा मिळाल्यावर माणूस किती ताजातवाना दिसतो.

त्याच उन्हाळ्यात भाचीचं जमलं. साळ्याची एकुलती एक लेक, माझ्या बायकोची भाची, म्हणून माझीही. मुलगा सावरगावचा, मोहगावच्या शाळेत मास्तर. स्थळ मीच आणलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, बोलले होते, आणि पोरगी त्या भट्टीसारख्या मे महिन्यात त्याच्यासाठी स्वेटर विणत बसली होती. यापेक्षा जास्त पुरावा मला लागत नाही. साळ्याने फक्त मुलाला पाहिलं होतं. बोलणी मी आणि मुलाच्या चुलत्याने केली होती. मुलाचा बाप साक्षगंधालाच, म्हणजे साखरपुड्यालाच, पहिल्यांदा आला.

तो ओसरीवर चढला. उंच. पांढऱ्या झुबकेदार मिशा. या माणसाला मी पाहिलं होतं, आणि कुठे पाहिलं होतं तेही त्याच क्षणी आठवलं. मागच्या गोटमारीच्या दिवशी भर दुपारी सौंसरच्या बसस्टँडवर, कळकट बाकड्यावर बसून हा भजी खात होता, गळ्यात केशरी दुपट्टा. मी शेजारी बसून त्याच्याकडे अर्धा तास पाहिलं होतं, दुसरं पाहायला काही नव्हतं म्हणून. त्या अंधाऱ्या खोलीत माणूस हवा होता तेव्हा मनाने जवळ पडलेला हाच धागा उचलला होता.

त्याने पाण्याचा लोटा घ्यायला हात पुढे केला. डावा.

साळ्याच्या हातात पानसुपारीचं ताट होतं. ते त्याने अगदी हळू खाली ठेवलं. सुपारीसुद्धा हलली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तो हाच हाय."

साक्षगंध झालं नाही. साळ्याचं पित्त उसळलंय असं काहीतरी सांगून मी पाहुण्यांची बोळवण केली. सावरगावात संध्याकाळपर्यंत खरं कारण पोचलं, कारण साळ्याने ते लपवलं नाही. ज्याने माझा डोळा काढला त्याच्या घरी मी माझी लेक देत नाही, एवढंच तो म्हणत होता. आवाज चढवत नव्हता. पोरगी आतल्या खोलीत बसून स्वेटर उसवत होती. पूर्ण बाही उसवून झाली तेव्हा मी ठरवलं की बस झालं.

माझ्या आयुष्यातलं पहिलं संपूर्ण खरं भाषण मी साळ्याच्या ओसरीवर केलं. बायको होती, भाची दाराआड होती, चार नातेवाईक होते. मी म्हटलं, मी गोटमारीला नव्हतो, कधीच नसतो, मी भित्रा आहे. मी सौंसरला होतो. तो माणूसही तिथेच होता, भजी खात होता. धोब्याचा दगड, दुपट्टा, मिशा, सगळं मी रचलं. डाव्या हाताचा प्रश्न मी विचारला म्हणून तुम्हाला डावा हात दिसला. वर्गातला खेळसुद्धा सांगितला, छत्रीसकट.

मग एक नातेवाईक हसला. मग दुसरा. झाडाला तीनदा हात लावणारा माणूस भित्रा, हे त्यांना माझ्या सगळ्या गोष्टींत भारी वाटलं. बायको म्हणाली, सोयरीक वाचवायला स्वतःचीच बदनामी करून राहिले, किती जीव आहे पोरीवर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

साळा हसला नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जवाई, तुमी तिथं नसाल तर नसाल. मी होतो ना. मी पाह्यलं."

मग मी दुसरं टोक धरलं. पूल ओलांडून सावरगावला त्या माणसाकडे गेलो. म्हटलं, तुमच्या तोंडून आलं तर चालेल, त्या दिवशी तुम्ही सौंसरला कशाला गेला होता तेवढं सांगा, मी बाकड्यावर तुमच्या शेजारी होतो. तो गोंधळला. सज्जन माणूस, खोटं त्याला शिवलेलं नव्हतं. म्हणाला, "मास्तर, मी गोटमार कधी चुकवत नाही. लहानपनापासून. मंग त्या साली कसा चुकवन?" सौंसर त्याला आठवत होतं, भजीही आठवत होती, पण ती दुसऱ्या कुठल्या तरी दिवशीची. दरवर्षीच्या सवयीने त्या एका वर्षाचा रिकामा खण भरून टाकला होता. मी जितकं खोदून विचारलं तितका तो काठावर पक्का होत गेला. उठताना माझ्याच कानांना ऐकू आलं, मी त्याला विचारत होतो, कुठे उभे होता मग?

हा दुसरा प्रश्न. माणूस सुधारत नाही.

आषाढात मुलाचा बाप आपण होऊन आला. चपला काढून साळ्याच्या ओसरीवर उभा राहिला. डोक्याला केशरी दुपट्टा बांधलेला. सावरगाव अख्खं आपल्याकडे बोट दाखवून राहिलंय, म्हणाला, महिनाभर झोप नाही, आठवून आठवून पाहिलं, आणि आता आठवलं. धोब्याच्या दगडावर उभा होतो. दगड ओला होता, काळा, मधून एक पांढरी रेघ. हातातून सुटला तेव्हाच कळलं की हा वाईट जाणार.

साळा उठून उभा राहिला. "पांढरी रेघ होती," तो म्हणाला. "येताना फिरत होती."

ती पांढरी रेघ मी कोणाला दिलेली नव्हती. दोन वयस्क, प्रामाणिक माणसं माझ्यासमोर उभी राहून एका दगडाबद्दल एकमेकांची खात्री करून देत होती, आणि त्या दगडाला पाहणारा जगात कोणीही नव्हता. मी ओसरीचा खांब धरला.

त्याने माफी मागितली. साळ्याने त्याला मिठी मारली. बायका रडल्या, चहा झाला, लग्न मार्गशीर्षात ठरलं. भाचीने बाही पुन्हा विणायला घेतली. सगळे म्हणाले, देवीची कृपा. मी एकटाच साळ्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याने आपल्या नव्या इवायासाठी, म्हणजे व्याह्यासाठी, स्वतः चहा ओतला. थेंबसुद्धा कपाबाहेर पडला नाही.

पाहुणे गेल्यावर तो माळ्यावर चढला आणि बापाची गोफण खाली घेऊन आला. पाखरं हाकायची दोरीची गोफण. तिला तेल लावत बसला. म्हटलं, दादा, माफ केलं ना. म्हणाला, केलं. म्हटलं, एका डोळ्याने कशाला जाता यंदा नदीत. त्याने गोफण ताणून पाहिली आणि पहिल्यांदा हसला, त्या हिरव्या पट्टीखालूनसुद्धा.

"नेम धराले एकच डोळा लागते, जवाई."

म्हणून त्या वर्षी मी गोटमारीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटचं. आकाश खाली आलेलं होतं, नदी मळकट, दोन्ही काठांवर माणसं मावत नव्हती. मी साळ्याच्या कोपराला चिकटून उभा होतो. म्हटलं, हात उचलला तर लटकेन. मग समोर पाहिलं. सावरगावच्या काठाला, धोब्याच्या दगडावर इवाई उभा होता, केशरी दुपट्टा बांधून. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. आपली जागा तीच अशी त्याची खात्री होती. त्याच्या हातात दगड नव्हता. तो आमच्याकडे पाहत होता, वाट पाहिल्यासारखा.

माझ्या कानाशी गोफण फिरायला लागली. एकदा, दोनदा. तिचा आवाज मोठ्या भोवऱ्यासारखा असतो. मी लटकायला हवं होतं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा धोब्याच्या दगडावर कोणी नव्हतं. माणसं धावत होती. इवायाच्या डाव्या हाताच्या कोपराचा चुरा झाला होता. हजारो दगड चालू होते, दोन्ही काठांवर शंभर गोफणी. माझ्या शेजारी साळा मोकळ्या हातांनी उभा होता. गोफण कुठे गेली ते मी विचारलं नाही.

दगड नदीचा होता, इवाईच म्हणाला, हात बांधून घेताना. साळाही म्हणाला. दोघांच्या चेहऱ्यावर एकच समाधान होतं, आणि ते मला रक्तापेक्षा भयंकर वाटलं.

लग्नाच्या चार दिवस आधी भाची माझ्या घरी आली. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. स्वेटर पूर्ण झाला होता, कागदात गुंडाळून आणला होता. तो मांडीवर ठेवून बसली आणि म्हणाली, "मामाजी, तुमी बाबाच्या बाजूले होते. एवढं एक खरं सांगा. त्या घरात मले रोज तो हात पाहावा लागन."

खरं सांगायचं तर माझ्याकडे एक आवाज होता, आणि मिटलेले डोळे. खरं एवढंच. ते दिलं असतं तर ती आयुष्यभर त्या अंधारात आपल्या बापाचा हात विणत बसली असती.

मी म्हटलं, पाहिलं की. तुझ्या बाबाने गोफण मला धरायला दिली होती. त्याच्या हातात भाकर होती, ज्वारीची, वर मिरचीचा ठेचा, रुमालात गुंडाळलेली. तो भाकर मोडत होता तेव्हा वरच्या अंगाने, पुलाकडून दगड आला. मग मी तिला विचारलं, मुद्दाम, जाणूनबुजून, वर्गात विचारायचो तसं. तू देवळाच्या पायऱ्यांवर होतीस ना बायकांबरोबर? तुला रुमाल कोणत्या रंगाचा दिसला?

तिने मांडीवरच्या कागदाची घडी सरळ केली.

"निळा," ती म्हणाली.

संसार चांगला झाला तिचा. सासऱ्याचा तो हात शेवटपर्यंत तीच तेल लावून चोळायची. आपल्या मुलांना ती गोटमार सांगते तेव्हा निळा रुमाल येतोच. आजोबांनी भाकर अर्धी मोडली होती, तेवढ्यात दगड आला, मी पायऱ्यांवरून पाहिलं. मी कोपऱ्यात बसून मान डोलवतो. आपल्या वाघाला कोणी नावं ठेवत नाही.

साळा गेला, इवाईही गेला. त्या दिवसाचा आता मीच काय तो साक्षीदार, आणि माझी साक्ष कोणी घेणार नाही, ते बरंच आहे. कारण मिटलेल्या डोळ्यांची आठवणसुद्धा एका जागी बसून राहत नाही. अलीकडे गोफण माझ्या कानाशी फिरते तेव्हा मध्येच उजेड दिसतो, नदी दिसते, केशरी दुपट्टा दिसतो. अलीकडे त्या आठवणीत माझे डोळे उघडे असतात. दोरी कोणाच्या हातात आहे ते दिसायच्या आत मी डोळे घाईने मिटून घेतो.